पहिली भवानी

"आण इकडे तिला, नाहीतर आपण इथेच राहू," म्हणत लुआने थामच्या छातीशी बांधलेली तान्ही बोंग सोडवली आणि सरळ आपल्या कडेवर घेतली. थामची किल्ली स्कूटरच्या कुलपात घाईघाईत उलटीच बसत होती. मेळाव्याच्या मैदानाबाहेर बायकांची ही झुंबड! निम्मं बिएन होआ शहर आज नोकरी मागायला निघालं असावं. फाटकाची कडी वाजली, तशी सगळी गर्दी एका अंगानं पुढे कलली.

"ताई, थांब ना गं!"

"थांबले तर गेलेच की! तू ये मागून."

शिवणकामाचा कारखाना बंद पडल्यापासून थाम बेकारभत्त्यावर होती. तो तेतच्या, म्हणजे नववर्षाच्या सणापर्यंत पुरणार होता. मग गावाहून सासू येणार, बोंगला सांभाळणार, आणि थाम पुन्हा मशीनवर बसणार, असं सगळं ठरलेलं. पण या महिन्यापासून नियम आवळले गेले. आता स्वतः दारोदार जाऊन नोकरी मागायची, मागितल्याचा शिक्का आणायचा. आणि कुणी खरोखरच नोकरी देऊ केली, तर नाही म्हणायची सोय नाही. नाही म्हटलं की भत्ता तिथल्या तिथे बंद.

भाड्याच्या खोल्यांच्या रांगेतल्या बायकांनी त्यावर तोड काढली होती. तोड म्हणजे बोंग. कडेवर तान्हं मूल दिसलं की कुठलाही मालक हात हलवून वाटेला लावतो; शिक्का मात्र देतो. त्यामुळे बोंग आठवडाभर या हातातून त्या हातात फिरत होती. आज थामची स्वतःची पाळी होती.

लुआला तिची कधी गरज पडली नव्हती. "मला कशाला पोर? माझं वयच बास आहे," असं ती हसत म्हणायची. बापाच्या दिवसांना गावी गेली आणि इकडे हजेरीची तारीख हुकली. नव्या नियमात त्याला माफी नव्हती. तिचा भत्ता तेव्हाच तुटला होता. तिला शिक्का नको होता, नोकरीच हवी होती. मिळाली नाही तर महिनाअखेरीला खोली रिकामी करायची होती. पण प्रत्येक टेबलावर तिचं जन्मसाल वाचलं जाई आणि तिचा कागद हळूच ढिगाच्या तळाशी सरकवला जाई.

गर्दीच्या रेट्यानं लुआ पहिल्याच मांडवात जाऊन पडली. दप्तरं शिवणाऱ्या एका छोट्या कारखान्याचा मांडव होता तो. मालकीण बिक अजून दप्तरं टांगतच होती. बोंगनं लोंबणारा एक पट्टा पकडला, हिसका दिला, आणि खालचे दोन दात दाखवत खदाखदा हसली.

"अगं बाई! भवानी झाली माझी!" बिक टेबलाला वळसा घालून धावलीच. तिची उमर बाजारात कापड विकण्यात गेलेली. "आणि तीसुद्धा हसत हसत! काय पायगुणाची पोर आहे! हिची आई तू ना? आता तुला मी रिकाम्या हातानं पाठवणार नाही. पहिलं गिऱ्हाईक तसंच परतलं, तर अपशकुन घालवायला दिवसभर कागद जाळत बसावं लागेल मला."

लुआनं तोंड उघडलं. तेवढ्यात धापा टाकत थाम मागे येऊन पोचली. तिनं सगळं ऐकलं होतं. लुआच्या मानेवरची शीर उडताना तिला दिसली. तिनं लुआच्या पाठीत बोट खुपसलं.

"हो," लुआ म्हणाली. "मीच."

"वय?"

"त्रेचाळीस."

"आणि पोर एवढीशी? नवरा भारीच उत्साही दिसतोय!" बिक मोठ्यानं हसली. लुआचे कान लाल झाले. "शिवण येते ना? मग उद्यापासून ये. हिलाही आण. एरवी मी मुलं घेत नाही हो, सुयाकात्र्यांचं काम. पण हिला झोळी बांधीन."

शिक्का धाडकन उमटला. लुआ त्या कागदाकडे बघतच राहिली.

"आणि तू गं? तुझ्या पदरात मूलबाळ?"

थाम पुढे झाली. नेमकं तेव्हाच बोंगनं तिला पाहिलं. लुआच्या कडेवरून तिनं थामकडे अशी झेप घेतली, की लुआला दोन्ही हातांनी तिला आवरावं लागलं. 'हो' म्हटलं की काम भागत होतं. नकार, शिक्का, तेतपर्यंतचा भत्ता, दुपारभर पोरीला कुशीत घेऊन पडणं. पण 'हो' म्हटलं असतं, तर ती झेप कुणाकडे आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं.

"नाही," थाम म्हणाली. "शेजारीण आहे मी. सवय आहे तिला माझी."

"मूल नाही? मग तर उत्तमच! तूही ये उद्या. दोघी एकदमच या."

थामचा भत्ता गेला. आता नाही म्हणता येत नव्हतं. आणि मग, क्षणभरानं, तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला: झोळी! बोंगही उद्या तिथेच असणार! त्या नादात शिक्का मारतानाचा आवाजही तिला ऐकू आला नाही. तिनं लुआकडे बघायचं टाळलं. बघितलं असतं तर दोघींनाही हसू फुटलं असतं.

बोंग आता रडू लागली होती, हात पुढे करून, भुकेनं. लुआ तिला थोपटत, झुलवत घाईघाईत मांडवाबाहेर निघाली. थाम मोकळ्या हातांनी तिच्यामागे.

"ए शेजारीण!"

थाम वळली. बिकनं टांगलेलं एक दप्तर काढलं आणि तिच्या हातात कोंबलं.

"हे छातीशी धर," ती हळूच म्हणाली. "डावीकडे ओलं झालंय."

आणि ती लगेच पुढच्या बाईला हाक मारायला वळली.