सातवा सामना आणि पाण्याची पाळी

"मंग त्यो उंच गडी आला," बद्रीनाथ म्हणाला आणि त्यानं चहाचा ग्लास डोक्याच्या वर धरला. "इतका उंच, की खांबावर चढायला त्याला शिडी लागायची नाय. समोर दोघं आडवे. यानं बघितलं डावीकडं, आन् चेंडू दिला उजवीकडं! दोघंबी गेले डावीकडं. बसले तिथंच!"

कारभारीच्या टपरीवर हशा पिकला. रिक्षावाला पुंजाराम मागच्या गिऱ्हाइकाला विसरून उभा होता. गिऱ्हाईकही स्वतःला विसरलं होतं.

"तिघं होते," अनंतराव म्हणाले.

"काय काका?"

"आडवे दोघं नाही, तिघं होते. आणि त्या उंच माणसाला सेंटर म्हणतात."

"बरं, तिघं," बद्रीनाथ उदारपणे म्हणाला. "तिघंबी गेले डावीकडं!"

हशा आणखी वाढला.

अनंतराव जिल्हा परिषदेत वरिष्ठ लिपिक होते आणि अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलवर मत असलेले पुंडलिकनगरातले एकमेव गृहस्थ होते. क्रिकेटवर मत सगळ्यांनाच असतं, त्यामुळे त्याला भाव नाही, असं त्यांचं मत होतं. तरुणपणी ते कॉलेजच्या संघात होते. राखीव. बाकावरून खेळ फार नीट दिसतो, असं ते सांगत.

इतर लीगबद्दलही त्यांनी विचार करून ठेवला होता. क्रिकेटची लीग म्हणजे वऱ्हाड: नाच झाला, जेवण झालं, नवरदेव कोण होता ते कुणाला आठवत नाही. कबड्डीला मातीतून उचलून गादीवर नेली, आता तिला तिथं झोप येते. फुटबॉलमध्ये एक गोल व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात आमच्या कार्यालयात फाइलसुद्धा पुढं सरकते. खरा खेळ तो प्लेऑफचा. सातपैकी चार सामने जिंकायचे. आज हरलात तर परवा चूक सुधारून या. सभ्य माणसांची पद्धत. त्यांचाही एक संघ होता, पण दृष्ट लागते म्हणून ते त्याचं नाव घेत नसत, 'आमचे' म्हणत. आमचे वर्षानुवर्षं हरत होते. दृष्ट कुणाची लागत होती, कळायला मार्ग नव्हता.

टपरीवर लोक त्यांचं ऐकत. म्हणजे रस्त्याकडं बघत गप्प बसत. अनंतरावांना तेवढं पुरे होतं. ते पोचले की कारभारी विचारायचा, "काय म्हणते काका अमेरिका?" या एका प्रश्नासाठी ते रोज घरचा चहा अर्धा सोडून येत. घरी त्यांना कुणी काही विचारत नसे आणि कार्यालयात फक्त 'साहेब आलेत का' एवढंच विचारत.

मग त्यांच्या वरच्या मजल्यावर बद्रीनाथ भाड्यानं राहायला आला. खुलताबादकडचा शेतकऱ्याचा पोरगा, वीज कंपनीत लाइनमन. एका पहाटे तो पाण्याची मोटर सुरू करायला खाली आला, अनंतरावांच्या दारातून टीव्ही दिसला आणि उंबऱ्यावरच बसला. "काका, ह्यो काय खेळ म्हनायचा?" अनंतरावांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशीही सांगितलं. हौसेनं खुर्ची दिली. तीच चूक झाली.

उन्हाळा संपायच्या आत कारभारी विचारायला लागला, "बद्रीभाऊ, काय म्हणते अमेरिका?"

घरी बायकोचं, दमयंतीबाईंचंही तेच. इतक्या वर्षांत त्यांनी या खेळाविषयी "हे कधी संपणार?" एवढाच प्रश्न विचारला होता. त्या एकदा बद्रीनाथला म्हणाल्या, "तो टकला प्रशिक्षक सारखा ओरडतो, त्याला घरी बायको काय म्हणत असेल हो?"

"काकू, घरी त्योच गप बसत आसंल. सगळं वरडनं हितंच काढतो."

दमयंतीबाई पदर तोंडाला लावून हसल्या. अनंतराव त्याच खोलीत बसले होते. प्रशिक्षकाचं बायकोच्या नावासकट सगळं चरित्र त्यांना पाठ होतं. कुणी विचारलं नाही.

त्या वर्षी आमचे अंतिम फेरीत पोचले, आणि मालिका सातव्या सामन्यावर आली. सोमवारी पहाटे. नळाला पाणीही सोमवारी पहाटेच.

त्यांच्या इमारतीत पाण्याच्या दिवशी एका घरानं हौदापाशी उभं राहायचं असतं. मोटर चालू-बंद करायची, नळी फिरवून सगळ्यांची पिंपं भरायची. दाब कमी, त्यामुळं सकाळ त्यातच जाते. सोमवारची पाळी बद्रीनाथची होती. समोरच्या द्वारकाबाई बदली पाळी घ्यायला एका पायावर तयार होत्या. अशा पाळ्या लग्नासाठी, परीक्षेसाठी, एकदा तर टीव्हीवरच्या मालिकेच्या शेवटच्या भागासाठीही बदलल्या होत्या.

"पाळी बदलायची असेल तर दोन दिवस आधी सेक्रेटरीला लेखी कळवावं लागतं," अनंतराव म्हणाले. इमारतीचे सेक्रेटरी तेच होते.

"आसा नियम हाय व्हय काका?"

"आहे."

होता. त्या संध्याकाळपासून होता.

"मंग नियम म्हंजे नियम," बद्रीनाथ म्हणाला. त्याला राग आला नाही, हेही अनंतरावांना आवडलं नाही.

पहाटे अनंतराव एकटेच टीव्हीसमोर बसले. मागून मोटरचा आवाज येत होता. मध्येच दमयंतीबाई उठल्या, दोन कप चहा घेऊन मागच्या दारानं गेल्या आणि तिकडूनच हसण्याचा आवाज आला. अनंतरावांनी टीव्ही मोठा केला.

आमचे एका गुणानं जिंकले.

अनंतराव उभे राहिले. खोलीत कुणी नव्हतं. "जिंकले," ते फ्रिजला म्हणाले.

टपरीवर बद्रीनाथ आधीच पोचला होता, विजार गुडघ्यापर्यंत ओली.

"बद्रीभाऊ, काय झालं?" कारभारीनं विचारलं.

"मला काय ठावं? मी पान्यावर व्हतो. काकांनी बघितलाय. काका, सांगा की!"

सगळ्यांनी अनंतरावांकडं तोंडं फिरवली. कारभारीनं पहिला ग्लास त्यांना दिला. अनंतरावांनी घसा साफ केला.

"एकशेतीन-एकशेदोन. आमचे जिंकले. दुसऱ्या सत्रात बचाव ढासळला होता, ती माझी पहिल्यापासून तक्रार आहे. अखेर फ्री थ्रोवर, म्हणजे फाउलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या फेकीवर निकाल लागला."

सगळं बरोबर होतं.

"बरं झालं," कारभारी म्हणाला. एखाद्याची जवळ बदली झाल्यावर म्हणतात तसं. पुंजारामनं रिक्षाकडं पाहिलं.

"थांबा थांबा," बद्रीनाथ म्हणाला. "फ्री थ्रो कुनी मारले?"

"कॅप्टननं. दोन मिळाले. एका गुणानं मागं होते."

"दमला आसंल."

"पायही मुरगळलेला होता."

"आन् मैदान दुसऱ्यांचं?"

"दुसऱ्यांचं."

बद्रीनाथनं ग्लास खाली ठेवला. "बघा आता," तो म्हणाला आणि लंगडत रस्त्याच्या कडेला गेला. चपलेनं मातीत रेघ ओढली. "हितं उभा गडी. पायात कळ. चौफेर गर्दी, सगळी दुश्मनाची, कान फुटाया लागलेत. ह्यो कुनाकडंच बघंना. पहिला मारला…" त्याचा हात वर गेला. "आत! बरुबरी झाली!"

पुंजारामनं रिक्षा बंद केली.

"आता एकच राह्यला. चेंडू घामानं वला. विजारीला हात पुसला, असा. श्वास घेतला. आन्…"

हात वर धरून बद्रीनाथ तसाच थांबला. सगळी टपरी थांबली. चेंडू आत गेला होता, हे तिथं एकट्या अनंतरावांना माहीत होतं. त्यांच्या हातातला ग्लास तिरपा झाला होता आणि चहा बुटावर सांडत होता.

"मग?" अनंतराव म्हणाले.