पार्तिनीला राग येत नाही

सोलोच्या माणसाला राग येत नाही. मृदू वाणी, खाली झुकलेली नजर आणि अढळ संयम हे या नगरीचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैभव आहे; जावा बेटावरची बाकीची गावं त्यासाठी सोलोचा हेवा करतात. पार्तिनी अस्सल सोलोची, त्यामुळे तिलाही राग येत नव्हता. गेलं एक तप येत नव्हता. सकाळी चुलीपुढे येत नव्हता, दुपारी कापडावर तापलं मेण ओतताना येत नव्हता, आणि संध्याकाळी शेजारच्या जुमिराहबरोबर चहा पिताना तर इतका येत नव्हता की तिच्या कपाच्या कडेला दातांनी टवके उडाले होते.

हा राग ज्याच्यावर येत नव्हता त्याचं नाव तुआन, म्हणजे साहेब, डॉर्सेन. हॉलंडचा चित्रकार.

त्या काळी पार्तिनी राजघराण्यातल्या एका राजपुत्राच्या वाड्यात नाचत असे. त्यांना सगळे गुस्ती म्हणत. डॉर्सेन तेव्हा एका साखर कारखानदाराच्या बंगल्यात पाहुणा होता, आणि जावाचा आत्मा रंगवायला आलो आहे असं भेटेल त्याला सांगत होता. आत्म्याला बसवायला कोणीतरी लागतं म्हणून गुस्तींनी पार्तिनीला पाठवलं. डॉर्सेनने तिचं साधं कापड पाहून नाक मुरडलं आणि पेटीतून दुसरं काढलं: तिरप्या लाटांच्या नक्षीचं. ही नक्षी राजाच्या रक्ताची माणसंच नेसतात. नाचणारीने ती नेसणं म्हणजे सिंहासनावर बसून पाय हलवणं.

पार्तिनीने नजर खाली घातली आणि गप्प उभी राहिली. सोलोमध्ये हा नकार चार घरं ऐकू जातो. डॉर्सेनला तिच्या पापण्यांवरचा उजेड आवडला.

"सुंदर!" तो म्हणाला. "अशीच राहा."

चित्र वाळायच्या आधी तिने ते एकदा पाहिलं. बोटं केळ्यांच्या घडासारखी, आणि नजर थेट समोर, मासळीबाजारात भाव करायला उभी असल्यासारखी. अंगावर राजाचं कापड. चित्र कारखानदाराच्या जेवणघरात टांगलं गेलं, तिथे मेजवानी झाली, मेजवानीला गुस्ती गेले. नंतर थोड्याच दिवसांनी वाड्याचे कारभारी राडेन विर्योसेनो पार्तिनीला हळुवार आवाजात म्हणाले, "पार्तिनी, घरी थोडी विश्रांती घे."

सोलोमध्ये यापुढे काही सांगत नाहीत. आणि 'का?' असं विचारणं हे ज्यांना आईबापांनी काही शिकवलं नाही त्यांचं काम. पार्तिनीला आईबापांनी शिकवलं होतं. शिवाय कारण तिला ठाऊकच होतं. ती बारा वर्षं विश्रांती घेत होती. पोटासाठी बाटिकची कापडं करत होती, लग्नात नवरा-नवरीला नेसवत होती, आणि वाट पाहत होती.

"यू, ऐकलंस का?" एका संध्याकाळी जुमिराह कुंपणावरूनच ओरडली. यू म्हणजे ताई. जुमिराह वयाने मोठी होती, पण यू म्हटलं की चहा लवकर मिळतो. "तुझा तो गोरा परत आलाय. टक्कल पडलंय म्हणे."

"देवाला डोळे आहेत," पार्तिनी म्हणाली.

"गुस्तींच्या वाढदिवसाला जायचंय त्याला. तेही आपल्या पोशाखात! हॉटेलवाले नेसवणारं माणूस शोधत होते. मी सांगून आले, आमची पार्तिनी नवरदेव नेसवते, हा काय, जरा लांबीला जास्त."

"मला न विचारता?"

"सूड दारात चालत आला तर विचारायचं काय असतं, बाई?"

पार्तिनी उठली, पेटी उघडली, आणि अगदी तळातून एक कापड काढून चटईवर पसरलं. बारीक त्रिकोण, काळे आणि तपकिरी. जुमिराहचा कप तोंडाशीच थांबला.

"अगं, हे तर मयताचं!"

"त्रिकोण किती सुबक आलेत बघ."

"यू, हे माणसं मातीला जाताना नेसतात. प्रेतावर पांघरतात. वाढदिवसाला हे? गुस्तींच्या समोर? पायरीवरूनच हाकलतील त्याला!"

"कापडावरून माणसाला घराबाहेर काढतात, हे त्यालाही कळू दे."

"आणि तुला कोणी विचारलं तर?"

"सोलोमध्ये कोण विचारतंय?"

जुमिराहने चहा संपवला.

वाढदिवसाच्या सकाळी पार्तिनी हॉटेलात गेली. ती चित्रकाराच्या पायांशी बसली तेव्हा तिचा गुडघा कट्कन वाजला. डॉर्सेनने खाली पाहिलं. ज्या चेहऱ्याकडे त्याने एकेकाळी महिनाभर डोळे बारीक करून पाहिलं होतं, तो त्याच्या समोर होता. त्याने ओळखलं नाही.

"बाई," तो मोडक्यातोडक्या मलय भाषेत म्हणाला, "इथे पूर्वी एक नाचणारी होती. माझं सगळ्यात चांगलं चित्र तिचं. नाव आठवत नाही. फार रुसूबाई होती."

"असेल," म्हणत पार्तिनीने निऱ्या घातल्या.

"पण चित्रातले हात बघाल तर! हात मात्र मी मनाने काढले. तिचे तितकेसे चांगले नव्हते."

पार्तिनीच्या मनात काही शिल्लक दयामाया होती का, हे सांगणं कठीण आहे. असलीच तर ती इथे संपली. तिने कमरपट्टा आवळला.

"तुआनना श्वास घेता येतोय?"

"जेमतेम."

"मग नीट बसलंय."

त्याने आरशात पाहिलं. "या नक्षीला काही अर्थ असेल ना?"

"मोठ्या प्रवासाला निघालेल्यांची आहे," पार्तिनी म्हणाली, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

वाड्यावर नाचणाऱ्या मुलींना नेसवायला चार हात कमीच पडत होते, त्यामुळे पार्तिनीला मागच्या दाराने आत शिरायला अडचण आली नाही. लाकडी पडद्याच्या फटीतून सगळा मंडप दिसत होता. पाहुणे बसले होते, वाद्यं मंद वाजत होती. डॉर्सेन पायऱ्या चढून आला. पहिल्या रांगेतल्या बायकांची नजर त्याच्या कमरेखाली गेली आणि तिथेच राहिली. पंखे थांबले. एका वादकाचा हात ठोका द्यायचा विसरला. शेजारच्या दोन खुर्च्या, आपण होऊनच म्हणावं तशा, बाजूला सरकल्या.

बारा वर्षं, पार्तिनीने मनात म्हटलं. हाकला.

गुस्तींनी कापड पाहिलं. मग ते उठले. वाढदिवसाला ते कोणासाठीच उठत नसत. पुढे होऊन त्यांनी चित्रकाराचे दोन्ही हात हातात घेतले.

"तुआन," ते म्हणाले, "एवढ्या दुःखातही तुम्ही आलात."

डॉर्सेनला वाटलं, बोटीतल्या उलट्यांची बातमी इथवर पोचली आहे. "हो," तो म्हणाला, "फार त्रास झाला. पण आता बरं आहे."

गुस्ती आपल्या म्हाताऱ्या आत्याबाईंकडे वळले. "बघितलंत? घरचं माणूस गेलंय, आणि हा म्हणतो आता बरं आहे. गोऱ्यांतसुद्धा असा संयम असतो!"

आत्याबाईंनी डोळे पुसले. चित्रकाराला गुस्तींच्या शेजारी बसवण्यात आलं. त्याच्या दुःखाला मान म्हणून वाद्यं हळू वाजवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी वाड्यातून हॉटेलात मृतांच्या नावाने वाटतात तसल्या तांदळाच्या घावनांची मोठी टोपली गेली. त्याने ती सगळी खाल्ली आणि आणखी मिळतील का विचारलं. तिसऱ्या दिवशी गुस्तींनी स्वतःचं चित्र काढायचं काम त्याला दिलं.

"यू," जुमिराह म्हणाली, "पुढचा सूड माझ्यावर घे बाई. माझं छप्पर गळतंय."

पार्तिनी हसली नाही. रात्रीचं जेवलीही नाही. त्याने मयताचं कापड नेसलं तर मान मिळाला, मी राजाचं नेसलं तर घरी बसले. हा हिशेब काही केल्या जुळेना. सकाळी तिने केस घट्ट बांधले आणि सोलोमध्ये कोणी करत नाही ती गोष्ट करायला निघाली.

राडेन विर्योसेनो कारभारातून कधीच मोकळे झाले होते. ओसरीवर उंच काठीला टांगलेल्या पिंजऱ्यातल्या होल्याचं घुमणं ऐकत बसले होते. पार्तिनी खाली चटईवर बसली. बराच वेळ दोघांनी पक्ष्याचं कौतुक केलं.

"राडेन," ती शेवटी म्हणाली, "एक विचारू?"

म्हाताऱ्याच्या भुवया वर गेल्या. होलासुद्धा गप्प झाला.

"मला वाड्यातून काढलं, ते त्या कापडामुळेच ना? चित्रातल्या?"

"कुठल्या चित्रातल्या?"

"कारखानदाराच्या जेवणघरातल्या. तुआन डॉर्सेननी काढलेलं, माझं. गुस्ती तिथे जेवायला गेले होते."

विर्योसेनो आठवू लागले. "मीही होतो बरोबर. चित्र... हां, नोकर म्हणाला होता खरा. ते दारामागच्या भिंतीला लावलंय. मेजवानीला दार सताड उघडं असतं गं. ते दिसतं कोणाला?"

"गुस्तींनी पाहिलंच नाही?"

"कोणीच नाही."

पार्तिनीचा आवाज पहिल्यांदा चढला. "मग मला काढलं का?"

म्हातारे अवघडले. त्यांनी पिंजऱ्याकडे पाहिलं, अंगणाकडे पाहिलं. "इतक्या वर्षांनी, आणि इतकं सरळ विचारतेस म्हणून सांगतो. नाचात वाद्यं थांबतात आणि तुम्ही सगळ्या एकदम खाली बसता ना, तिथे तुझा गुडघा वाजायचा. गुस्ती दचकायचे."

पार्तिनीने हात जोडून कपाळाशी नेले आणि ती उठली. गुडघा वाजला.