मागची काच

टाकीत अकरा मासे होते, दोन गोगलगायी, रुंद पानांचं एक रोप आणि चार काचा. चारही हिरव्या. शेवाळातून नीट दिसेना, म्हणून वाफाऱ्यांनी मासे दोनदा मोजले. मग बाह्या सरसावल्या.

वाफारे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. हॉस्पिटलात शस्त्रक्रियेची हत्यारं वाफेवर निर्जंतुक करण्यात उभा जन्म गेला, म्हणून सहकाऱ्यांनी चिकटवलेलं. जंतूच काय, जंतूचा बापही यांच्या तावडीतून सुटायचा नाही, असं सगळे म्हणत. तिथे प्रत्येक गाठोड्यावर एक पट्टी असे. ती काळी पडली की काम झालं. कुणाच्या शब्दावर विसंबायला नको.

बायको गेली त्या संध्याकाळी, माणसं पांगल्यावर, त्यांनी तिच्या चादरी, उशीचे अभ्रे, कपडे, अगदी कंगवासुद्धा उकळत्या पाण्यातून काढला. सवयीने. रडू आलं नाही. नंतर कधीतरी तिचं कपाट उघडलं, तर साबणाचा वास आला. नुसता साबणाचा.

टाकी तिची होती. दर रविवारी ती पुढची काच घासून लख्ख करायची आणि मागची तशीच हिरवी ठेवायची. “अर्धवट काम कसलं करतेस?” असं यांनी विचारलं की म्हणायची, “मागची गोगलगायींची आहे.” टाकीतला दिवाही तीच मालवायची. ती गेल्यापासून तो कुणी मालवलाच नव्हता. शिवाय वाफारे येताजाता चिमूटभर खाणं टाकत. मासे वर झेपावत, घरात तेवढीच हालचाल. शेवाळाला याहून काय हवं?

“बाबा, मी गाडी घेऊन येते आणि तो टँक देऊन टाकू कुणाला तरी,” लेक फोनवर म्हणाली. “तुमच्याने नाही व्हायचं ते.”

“होतंय.”

“मग फोटो पाठवा बघू.”

“आधी साफ करतो.”

आणि त्यांनी साफ केली. चारही काचा पात्याने खरवडल्या. वाळू धुतली. फिल्टरमधला स्पंज तपकिरी, बुळबुळीत झाला होता. तो पातेल्यात घालून खळखळून उकळला. कोरा पिवळा होऊन निघाला. टाकीत नळाचं ताजं पाणी भरलं. फोटो बघून लेक म्हणाली, “वा बाबा! मानलं तुम्हाला.”

दोन दिवसांत मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागले. तीन मेले. मग आणखी दोन. पाणी काचेसारखं नितळ होतं.

माशांच्या दुकानातल्या माणसाने पहिलाच प्रश्न विचारला, “काका, स्पंज धुतलात का?”

“उकळला.”

“उकळला!” तो हसला. समोरचा चेहरा बघून थांबला. “अहो, विरजणच फेकून दिलंत की. माशांची घाण पाण्यात विष होते. ते विष खाणारे जंतू त्या स्पंजातच राहतात. नव्याने जमायचे म्हणजे महिना-दीड महिना. तोवर हे टिकायचे नाहीत. कुणाचा जुना चालता फिल्टर असेल, तर त्यातला तुकडा मागा. आणि दिवा किती वेळ असतो?”

“असतोच.”

“रात्रीसुद्धा? मग शेवाळ नाही तर काय गुलाब उगवणार? दिवसाकाठी आठ तास पुरे. खाणं एकदाच. रोज थोडं पाणी बदला, पण नळाचं थेट नको. क्लोरीन मारायचे हे थेंब घालून.” मग त्याने तपासणीची बाटली, एक काचेची नळी आणि रंगांचा कागद पुढे केला. “नळीत टाकीतलं पाणी घेऊन याचे थेंब टाकायचे. पिवळं राहिलं तर अमोनिया, म्हणजे ते विष, शून्य. जितकं हिरवं, तितकं विष.”

रंगाचं वाफाऱ्यांना लगेच कळलं. घरी येऊन बघितलं. गर्द हिरवं.

खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या वहिनींकडे, मशीनशेजारी, एक लहानशी टाकी होती.

“वहिनी, मी स्पंज उकळला.”

वहिनींचा पाय मशीनवर थांबला. “भावोजी, कमाल आहे! एक दिवस आम्हालाही पातेल्यात घालाल तुम्ही.” वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग उठल्या. “हा तिचाच आहे. मी टाकी आणली तेव्हा तिने तुमच्या फिल्टरमधला कापून दिला होता. माझ्या कापडाच्या कात्रीने! केवढी भांडले होते मी.”

त्यांनी स्पंज बाहेर काढला. तपकिरी पाणी ठिबकत होतं. त्याच कात्रीने त्यांनी तो मधोमध कापला.

“वाटीत देऊ?”

“हातावरच द्या.”

ओल्या मातीसारखा वास आला. रविवारी टाकी आवरून झाली की बायकोच्या हातांना हाच वास असे. त्या वासावरून ते दर वेळी तिला पुन्हा हात धुवायला पाठवत.

जिना चढेपर्यंत ओघळ मनगटावरून कोपरापर्यंत आला. त्यांनी तो पुसला नाही.

मासे मेल्याचं कळल्यावर पंधरा दिवसांनी लेक आली ती रिकामं खोकं घेऊनच. वाकून टाकी बघू लागली. “बाबा, मागे परत हिरवं धरतंय. घासणी कुठाय?”

“मागची राहू दे.”

“का?”

“गोगलगायींची आहे.”

लेकीने त्यांच्याकडे बघितलं. खोकं दाराबाहेर ठेवलं आणि चहाचं आधण चढवलं.

संध्याकाळी आठ तास भरले तसं वाफाऱ्यांनी बटण दाबलं. टाकी काळोखी झाली. हात थोडा वेळ बटणावरच राहिला. मग त्यांनी नळीत टाकीतलं पाणी घेतलं, तपासणीचे थेंब टाकले, हलवलं, आणि खोलीच्या दिव्याखाली नळी रंगांच्या कागदाशेजारी धरली.

मासे सहा. गोगलगायी दोन. अमोनिया शून्य.