साडेअठ्ठ्याण्णव

मी थर्मामीटर बोलतोय. दवाखान्यातला नव्हे बरं का! लोकांच्या बगलेत बसून दुखणी ऐकणारा तो माझा धाकटा चुलतभाऊ. मी शाळेच्या प्रयोगशाळेतला. लांब, सडपातळ, पोटात पारा आणि अंगभर बारीक रेघा. माणसांचा पारा चढला की ती आरडाओरडा करतात. माझा चढला की मी नुसता आकडा दाखवतो, आणि त्यात कुणाच्या बापाला भीत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तिथं मला आधी वितळत्या बर्फात बुडवलं आणि शून्याची रेघ मारली. मग वाफेत धरलं आणि शंभराची मारली. माझं बारसंच म्हणा ना! पुढं हिंगोलीच्या एका दुकानातून सोमेश्वर सरांनी मला विकत घेतलं आणि एसटीत मांडीवर सांभाळत सेनगावकडच्या या माळावरच्या शाळेत आणलं.

सर विज्ञान शिकवतात. जीव तोडून शिकवतात, खोटं कशाला बोलू? पण दरवर्षी एक प्रयोग यायचा आणि माझा जीव जळायचा. ‘पाण्याचा उत्कलनांक शोधणे.’ म्हणजे पाणी किती अंशांवर उकळतं ते बघायचं. मला चंचुपात्रात सोडायचे, खाली स्पिरिटचा दिवा लावायचे. पाणी खदखदलं की मी साडेअठ्ठ्याण्णव दाखवायचो. आणि पोरं? माझ्याकडे ढुंकूनही न बघता वहीत शंभर लिहून मोकळी! पुस्तकात शंभर, गाईडात शंभर, मग मला विचारतो कोण?

एके वर्षी सरांनी स्वतः वाकून पाहिलं. म्हणाले, “अरेच्चा, हा तर दीड अंशानं मागं आहे.” आणि मला ठेवायच्या नळकांड्यावर त्यांनी कागदाची चिठ्ठी चिकटवली. तिच्यावर लिहिलं, ‘खराब’. परीक्षा उरकली की मोडक्या सामानाबरोबर मला भंगारात द्यायचं ठरलं. फार लागलं हो मनाला. पण काचेला रडता येत नाही.

त्याच वर्षी नववीतली दिपा भेटली. जवळच्या तांड्यावरच्या थावरा राठोडची लेक. बोलायला कमी, निरखायला भारी. पाणी उकळेपर्यंत तिनं माझ्यावरची नजर काढली नाही. तिच्या गटातला रणजीत मात्र खिडकीत बसून शेंगा खात होता. त्याला कसली काळजी? त्यानं प्रयोगाचा निष्कर्ष आदल्या रविवारीच गाईडातून उतरवून ठेवला होता!

“सर, साडेअठ्ठ्याण्णवच्या वर जाईना,” दिपा म्हणाली.

“तो खराब आहे गं. शंभर लिही,” सर दुसऱ्या गटाकडं जाता जाता म्हणाले.

तिनं ‘निरीक्षण’ असं लिहिलं आणि पुढं शंभर लिहिलं. मी म्हटलं, संपलं. हीसुद्धा त्यातलीच. पण पोरगी थांबली. त्या शंभराकडं बघत राहिली. मग तिनं त्याच्यावर एक सरळ रेघ मारली आणि शेजारी ९८.५ लिहिलं. खोडरबर हाताशी होता, पण घेतला नाही. सरांनीच शिकवलेलं होतं ना, अहवालात चुकलं तर गिरबटायचं नाही, एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे.

रणजीत शेंगा टाकून उठला. “ए दिपे, काहून येड्यावानी करून राहिली? गटाचं उत्तर एकच पाह्यजे. तुझ्यापायी आमची बी सही अडकंल!”

“मला दिसलं ते मी लिव्हलं. तुला शंभर दिसलं का?”

“मी बघितलंच न्हाई!”

“मग गप बस की.”

वही सरांकडं गेली. सही नसेल तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसू देत नाहीत, हे दिपालाही ठाऊक होतं. सरांनी खोडलेल्या शंभरावर बोट ठेवलं. मग म्हणाले, “दिपा, पुस्तक एक सांगतंय, हा दुसरं सांगतोय. हा खराब नाही हे तू कशावरून म्हणतेस? ते लिहून आण, सही करतो. नाहीतर शंभर कर.”

“मग सर, ह्याला नेऊ का घरी?”

“ने. फुटला तर फुटला, तसाही भंगारातच जायचाय.”

ऐकलंत? पण तिनं मला ओढणीत असं गुंडाळलं, जसं काही तान्हं लेकरूच.

घरी तिनं पुस्तक पालथं घातलं. पाणी शंभरावर उकळतं, त्याच पानावर बर्फ शून्यावर वितळतो असंही छापलेलं होतं. तिनं टाळी वाजवली. मी खराब असेन तर बर्फातही दीड अंशानं मागंच राहणार! पण तांड्यावर बर्फ कुठला? बाजाराच्या दिवशी ती मला घेऊन सेनगावला निघाली. तिथं सिद्धेश्वरच्या धरणातले मासे घेऊन केशरबाई बसते. तिच्या थर्माकोलच्या पेटीत बर्फच बर्फ.

“मावशी, थोडा बर्फ देता का?”

“मासे न्हाई, नुसता बर्फ? काहून गं, कुणाला ताप आला का?”

“थर्मामीटरलाच आला म्हनून राहिलेत सर. बघायचंय.”

केशरबाई अशी हसली की मासे घ्यायला आलेली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. पण बर्फ दिला मूठभर, वर स्टीलचा गिलासही दिला. दिपानं बर्फ नळाखाली दोनदा धुतला, बारीक फोडला, पाणी सुटू दिलं आणि मला आत सोडलं. माशाचा तो वास! मला नाक असतं तर दाबलं असतं. पारा खाली उतरत गेला. पोरगी गिलासावर वाकून रेघा मोजत होती. मी मनात देवाचा धावा करत होतो, कारण इतक्या वर्षांत कुठं इकडंतिकडं झालो असलो तर तिला शंभरच लिहावं लागणार होतं. पारा बराबर शून्याच्या रेघेवर येऊन थांबला आणि तिथून हलेना.

“उतरला का ताप?” केशरबाईनं विचारलं.

“मावशी, ह्याला तापच नव्हता!” दिपा ओरडली.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिचा अहवाल वर्गात वाचला. साहित्यात लिहिलं होतं, ‘बर्फ, मासे ठेवलेला, केशरबाईकडून आणलेला, दोनदा धुतलेला.’ वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. “हसता काय? उद्या तुम्हाला हाच प्रयोग करायचा झाला, तर बर्फ कुठून आणायचा, काय करायचं, सगळं कळलं की नाही? अहवाल असा लिहितात, लेको!”

शेवटी तिनं लिहिलं होतं, ‘निष्कर्ष : थर्मामीटर बराबर आहे. आमच्या शाळेत पाणी ९८.५ अंशांवर उकळलं. असं काहून होतं ते मला माहीत न्हाई.’

सरांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. “हवेचा दाब! अरे, पुस्तकातलं शंभर समुद्रकाठचं. आपण राहतो समुद्रापासून कितीतरी उंचावर. इथं हवा कमी दाबते, म्हणून पाणी आधीच उकळतं. कॉलेजात शिकलो होतो मी हे, आणि तरी आकडा बघून ह्यालाच नावं ठेवली. दिपा, तुझं ‘माहीत न्हाई’ लई मोलाचं बघ. तू ते लिहिलं नसतंस तर मला आठवलंच नसतं.” त्यांनी सही केली. रणजीतनं गुपचूप आपला निष्कर्ष खोडला आणि पहिल्यांदाच स्वतः दिवा पेटवला.

मग सरांनी मला हातात घेतलं. मला वाटलं, आता चिठ्ठी फाडतील. नाही फाडली. लाल पेन काढलं आणि ‘खराब’मधल्या ‘ब’वर एक सरळ रेघ मारली. बस्स, एवढंच.

आज दिपा हिंगोलीला अकरावीत शिकते. मी कपाटात पहिल्या फळीवर, कापसात असतो. नळकांड्यावर चिठ्ठी तीच आहे. नवी पोरं विचारतात, “सर, ह्याच्यावर असं काहून लिव्हलंय?” सर म्हणतात, “आधी पाणी उकळा, मग सांगतो.”

तुम्हीही या कधी. बघा, नीट बघा, आणि दिसेल तेच लिहा. माझं काय, मी दाखवेन ते दाखवेनच. चिठ्ठीवरचा ‘ब’ रेघेखाली अजून वाचता येतो, आणि त्याच्या आधी उरलंय ते माझं नाव आहे.