देवाचा खांब आणि चढलेला वेढा

पडदे ओढलेल्या सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर रेशमी वस्त्रात गुंडाळलेला कमरेएवढा खांब गुणगुणत होता. भक्ताने ट्यूबलाइट हातात धरून जवळ पाऊल टाकलं, की ना तार ना बटण, ट्यूब लख्ख!

"पुण्य पेटतंय, पुण्य!" लखलखबाबा गरजले. "विजेचं बिल भरतो तो अज्ञानी. ज्ञानी आतून पेटतो!"

पहिल्या रांगेत वाइंडिंगवाल्या काकूंचे डोळे पाझरत होते. देवाचं गाणं कानी पडलं की दूध उतू गेलेलंही त्यांना कळत नसे. पाण्याच्या पंपांच्या जळलेल्या मोटारींत नवी तार गुंडाळून देणं हा त्यांचा धंदा. म्हणूनच बाबांनी ही सेवा त्यांच्या पदरात टाकली होती. प्लास्टिकच्या पाइपावर केसासारखी तांब्याची तार गुंडाळायची, वेढ्याला वेढा चिकटून, मुखी नाम. "वेढ्यावर वेढा चढला तर देव कोपेल हो!" बाबांनी बजावलं होतं. असे दोन खांब: एक देवाचा, एक देवीचा. देवाच्या खांबावर मध्येच तार मागे घसरून जुन्या वेढ्यांवर आडवी पडली होती. उलगडायचा आला कंटाळा. काकूंनी वर वार्निशचा हात फिरवला आणि देवाची माफी मागून टाकली.

आता काकूंच्या सुनेची पाळी. बरीच वर्षं झाली, घरात पाळणा हलला नव्हता. तिने ट्यूब उचलली. खांबातून चर्र आवाज आला आणि ट्यूब पेटलीच नाही.

बाबांनी चोरून खांबाकडे पाहिलं आणि बोट सुनेकडे वळवलं. "पाप! म्हणूनच कूस उजवत नाही. ही आहे तोवर त्या घरात अंधार. आजच माहेरी धाडा!"

काकूंचा मुलगा बायकोपासून दोन पावलं मागे सरकला. "आई, बाबा म्हणतायत तर..."

"थांब रे!" काकूंनी नाक वर केलं. हा वास त्या झोपेतही ओळखत. जळालेलं वार्निश!

त्या तरातरा वर चढल्या, प्लग उपटला, वस्त्र ओढलं. तार आडवी पडली होती नेमक्या तिथेच काळा डाग.

"पाप तिचं नाही, बाबा. वेढा माझा चढलाय."

"देवाला हात लावतेस? भस्म होशील!"

"देवाला नाही, पाइपाला. देवीचा खांब पेटीत आहे ना? काढा."

बाबा लगबगीने पेटीवरच बसले.

"अहो, देवीवर बसलात?" मागून कुणीतरी ओरडलं, आणि बाबांना उठावंच लागलं.

काकूंनी खांब बदलला. ट्यूब एका रिकाम्या लोखंडी खुर्चीला टेकवली, सगळ्यांना लांब केलं, प्लग लावला. ट्यूब लख्ख!

"या खुर्चीने कुठलं पुण्य केलं हो?" सुनेने विचारलं. सभागृह हशाने दणाणलं.

"खाली जाड तारेचे मोजके वेढे, वर बारीक तारेचे शेकडो," काकू म्हणाल्या. "झोक्याला नेमक्या वेळी धक्का देत गेलं की तो उंच चढतो ना? तशी वरच्या तारेत वीज चढते. तिच्या ताणाने जवळच्या ट्यूबमधला वायू उजळतो, धरणारा संत असो की चोर. वेढ्यावर वेढा चढला, वार्निश जळून तारा एकमेकींना चिकटल्या, की धक्क्यांचा मेळ तुटला, खेळ खलास. देवाला तांब्याची तार कशाला लागते, हे गुंडाळतानाच विचारायला हवं होतं मी."

मुलगा खालमानेने पुढे आला. "मग आता?"

"आता माहेरी नाही, डॉक्टरकडे. दोघांनीही."

मग काकू लोकांकडे वळल्या. "देव मीही मानते, मरेपर्यंत मानीन. पण त्याच्या नावावर कुणी माणसाला पापी ठरवू लागला, तर हात जोडायच्या आधी वस्त्र ओढून बघा."