मामा कुठल्या बंदरात उतरला

मामाने चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. शाफ्टमध्ये वर बघून बघून त्याची मान डावीकडे कलली, ती कायमचीच. निवृत्त झाल्यावर मोठ्या बोटीवर आठ दिवस जायचं त्याने ठरवलं होतं, मामीला आणि माझ्या आईला, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीला घेऊन. समुद्राचं त्याला कौतुक नव्हतं. "पाणी काय, सगळीकडे सारखंच," म्हणायचा. "हलत्या इमारतीत लिफ्ट सरळ कशी चालते, ते बघायचंय मला."

निवृत्तीला पाच आठवडे उरले असताना, एका सकाळी दाढी करता करता तो गेला.

बुकिंग वर्षभर आधीचं होतं. त्याचं नाव काढून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मी फोन केला, पलीकडची बाई "झालं" म्हणाली, मी विश्वास ठेवला. मामी जायला तयारच नव्हती. आईने तिला जवळजवळ ओढून नेलं. "घरात बसून भिंतींशी किती बोलशील? तिथे निदान माणसं तरी असतील."

पुढचं मला दोघींनी सांगितलं, वेगवेगळ्या वेळी. दोघींचं सांगणं जुळतं, म्हणून लिहिते.

बंदरावरच्या हॉलमध्ये रांग संपल्यावर काउंटरवरच्या मुलीने मामीपुढे तीन कार्डं ठेवली. तिसऱ्यावर मामाचा फोटो होता, मान डावीकडे. "साहेब कुठेत?" मुलीने विचारलं.

आई तेव्हा बॅगा देत होती. मामीच्या तोंडून निघून गेलं, "येतायत मागून."

बोटीच्या दारात माणसांची झुंबड होती. पहारेकऱ्याने मामीच्या हातातली तिन्ही कार्डं एकामागून एक यंत्राला लावली. यंत्र तीनदा वाजलं. मामा बोटीवर चढला.

खोली आटोपशीर होती, बाहेर वीतभर बाल्कनी. भिंतीतून खाली येणारा तिसरा पलंग उघडून त्यावर चादर घातलेली होती. टॉवेलही तीन. आईने ते पाहिलं, मग मामीकडे पाहिलं. मामीने पर्समधून कार्ड काढून दाखवलं.

"आत्ताच्या आत्ता जाऊन सांग," आई म्हणाली.

"सांगते ताई."

तिने सांगितलं नाही. बोट सुटण्याआधी सगळ्या प्रवाशांना ठरलेल्या जागी उभं करून जीवरक्षक जाकीट कसं घालायचं ते शिकवतात. तिथे हजेरी झाली. मामाचं नाव पुकारल्यावर मामी म्हणाली, "पडलेत खोलीत. मळमळतंय त्यांना." यादी वाचणाऱ्याने मान हलवली आणि खूण केली.

"माझा भाऊ होता तो," आई परतताना म्हणाली. "त्याला असं आजारी पाडू नकोस."

बोट म्हणजे एक गावच होतं. सकाळपासून खाणं सुरू, पोहण्याच्या तलावात पाण्यापेक्षा माणसं जास्त, प्रत्येक कोपऱ्यात वेगळं संगीत. जेवणाचं टेबल मात्र ठरलेलं, तिघांचं. वाढपी रोज तिसरी खुर्ची मागे ओढायचा आणि थोडा वेळ तशीच धरून थांबायचा. दुसऱ्या दिवशी मामीने मामासाठी सूप मागवलं. ते तिथे निवत राहिलं. आईने त्या दिवशी जेवण अर्धं टाकलं, आणि माझी आई अन्न टाकणारी बाई नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी खोली आवरणाऱ्या माणसाने अदबीने विचारलं, "साहेबांना उशी जाड होते का? रोज खाली जमिनीवर ठेवलेली असते. पातळ आणून देऊ?"

मामा उशीशिवाय झोपायचा. आईला वाटलं, मामी ठेवत असेल. मामीला वाटलं, आई ठेवत असेल. दोघींनी एकमेकींना विचारलं नाही. त्या दिवसापासून आईने लिफ्ट सोडली. त्यांच्या मजल्यावर लिफ्ट आपोआप यायची, दार उघडायचं, आत कुणी नसायचं. इतक्या मोठ्या बोटीत कुणीतरी चुकून बटण दाबत असणारच, हे तिला कळत होतं. तरी ती दुखऱ्या गुडघ्यांनी सात जिने चढायची.

चौथ्या दिवशी बोट एका बंदराला लागली. निघताना आईने मामाचं कार्ड मामीच्या पर्समधून काढून टेबलाच्या खणात टाकलं. "हे इथेच राहू दे. आज आपण दोघीच."

दहा वाजता दोघी उतरल्या. गाव चढावर होतं. बारीक भुरभुर चालली होती. मामीने एका दुकानातून बटणं घेतली, आई काही न घेता नुसती चालत राहिली. तीनला दोघी परतल्या आणि वरच्या मजल्यावर चहा घेत बसल्या. बोट चारला सुटायची होती. पावणेचारला कर्ण्यावरून मामाचं नाव आलं, खोलीच्या नंबरासकट. असाल तिथून ताबडतोब चौकशी खिडकीशी या.

सतरा मजल्यांवर ते नाव घुमलं. पाच मिनिटांनी पुन्हा आलं. तिसऱ्यांदा आलं तेव्हा आईने कप खाली ठेवला आणि मामीला घेऊन निघाली.

चौकशी खिडकीमागे एक केस पिकलेला अधिकारी होता. तो म्हणाला, "तुमचे यजमान दहा वाजून दहा मिनिटांनी उतरले. परत आल्याची नोंद नाही."

"त्यांचं कार्ड खोलीत आहे," आई म्हणाली.

तो दोघींबरोबर खोलीत आला. खण उघडला. कार्ड तिथेच होतं. अधिकाऱ्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि मामीकडे बघत उभा राहिला. तेव्हा मामीने सांगितलं. खुर्चीत बसून, हात मांडीवर ठेवून, सगळं सांगितलं. त्यांना जाऊन तीन महिने झाले. मी खोटं बोलले.

अधिकारी रागावला नाही. त्याने सकाळी दारावर असलेल्या पहारेकरीणबाईंना बोलावून घेतलं आणि मामाचा फोटो दाखवला.

"हो, हेच," त्या लगेच म्हणाल्या. "अर्धीच दाढी केलेली होती, म्हणून लक्षात राहिले. जाता जाता मला विचारलं, इथल्या लिफ्टचं मशीन वर असतं की खाली. मला काय माहीत? पाऊस आहे, छत्री घ्या म्हटलं, तर नुसते हसले."

मामाचा धंदा मामीने कुणाला सांगितला नव्हता. आईनेही नाही.

"परत येतो म्हणाले?" मामीने विचारलं.

"नाही बाई. तसं काही बोलले नाहीत."

अधिकाऱ्याने कार्ड टेबलावर ठेवलं. "मला नोंद करावी लागेल. ते चढलेच नव्हते, असं लिहू?"

आई हो म्हणणार होती. मामीने तिच्या मनगटावर हात ठेवला.

"चढले होते. इथे उतरले."

त्याने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि तसंच लिहिलं.

बोट वीस मिनिटं उशिरा सुटली. शेजारच्या बाल्कन्यांतले लोक त्या उशीर करणाऱ्या इसमाच्या नावाने बोटं मोडत धक्क्याकडे बघत होते. काही काही बोटींवर असे धावत येणारे प्रवासी बघणं हीसुद्धा करमणूक असते म्हणे. धक्क्यावर दोर गुंडाळणारा एक माणूस होता, बाकी कुणी नाही. धक्का लहान होत होत दिसेनासा झाला, तशी आई रडायला लागली. भाऊ गेला तेव्हा तिने सगळ्यांना सावरलं होतं, स्वतः टिपूस काढलं नव्हतं. मामीने तिला रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मामीच म्हणाली, "चला ताई, नाच शिकायला जाऊ." जोडीने नाचायचा वर्ग होता. शिकवणारा एक-दोन-तीन मोजत होता आणि ह्या दोघी एकमेकींच्या पायांवर पाय देत होत्या. मध्येच आईला वाटलं, मागच्या खुर्च्यांवर कुणीतरी बसलंय. पाय चुकला. ती मान वळवणार, एवढ्यात मामीने तिचा हात घट्ट धरला.

"ताई, इकडे बघा," ती म्हणाली. "आता डावा पाय."