कुरणाच्या कडेची पट्टी

नागपूरजवळच्या बेसा गावाच्या पुढे, टेकडीच्या पायथ्याशी कोष्ट्यांची एक लहान वस्ती होती. कुडाच्या भिंती, गवती छपरं आणि घराघरात माग. वस्तीच्या मागच्या भिंतींना लागूनच रुपरावचं कुरण सुरू व्हायचं. तिथलं गवत नागपूरच्या तबेल्यांना जाई. त्या साली दुष्काळामुळे गवताचा भाव एवढा चढला होता की रुपराव एक काडी वाया जाऊ देत नसे.

प्रयागबाईचा नवरा जागेश्वर त्याच्याकडे गेला होता. उन्हाळा लागायच्या आत भिंतींजवळचं गवत कापून टाका, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

"जमीन माही, गवत माहं," रुपराव म्हणाला. "तुले भेव वाटते तं तुहा माग उचलून दुसरीकडं ने."

चैत्रात टेकडीपलीकडे कुणीतरी मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळला. दुपारच्या वाऱ्याने ती आग कुरणात उतरली आणि कुरणातून छपरांवर चढली. जागेश्वर मागावरचं लुगडं काढायला आत गेला, आणि छप्पर त्याच्यावर आलं. नागपूरच्या दवाखान्यात काही दिवस तळमळून तो गेला.

तेरवीच्याच दिवशी रुपराव चावडीवर म्हणाला, "जागेश्वरच्या बिडीनं माहं कुरण जळलं."

जागेश्वरने जन्मात बिडी ओढली नव्हती. सुताला वास लागतो म्हणून तो ओढणाऱ्याला मागाजवळ बसू देत नसे. पण वस्तीतली निम्मी माणसं हंगामात रुपरावकडेच कामाला जात. कुणी तोंड उघडलं नाही. पावसाळ्याआधी वस्तीने छपरं पुन्हा घातली, आणि पावसाळा सरेपर्यंत ती गोष्ट सगळीकडे पसरली. बुधवारच्या बाजारात एका अनोळखी बाईने प्रयागबाईला विचारलं, "बिडीनं वस्ती जाळली, तो तुह्याच घरचा काय वं?"

त्या दिवशी प्रयागबाईने ठरवलं, रुपरावचं गवत जाळायचं. उभं असताना नाही. कापून, गंजी लागून, विकायला तयार झाल्यावर.

अडचण एकच होती. कुरण पेटलं की वस्तीही पेटणार.

तिचे चुलतसासरे नानाजी तरुणपणी जंगलात वणवा अडवणाऱ्या जाळरेषा काढायच्या कामावर होते. ती त्यांच्यापाशी जाऊन बसली.

"मामाजी, आग घरापाशी येऊ नाही म्हणून केवढी जागा मोकळी पाहिजे?"

"आपन मागाचं उभं सूत, ताना, अंगनात लांब पसरतो ना, तेवढी तं पाहिजेच," नानाजी म्हणाले. "पन नुसतं कापून भागत नाही. खुंट खरडा लागते, पाला झाडा लागते, बाभळीच्या खालच्या फांद्या तोडा लागते."

मग ती रुपरावच्या दारात गेली. डोक्यावर पदर घेऊन, खाली मान घालून म्हणाली, "भिंतीजवळचं गवत आमी बाया कापून देतो. कापलेलं तुमच्या गंजीवर. मजुरी नको."

रुपराव हसला. "आता आली अक्कल."

माघातल्या थंडीत बायका सकाळी विळे-फावडी घेऊन निघत. गवत कापलं, खुंट खरडले, दवाने ओलसर असतानाच कचरा थोडाथोडा करून जाळला. वस्तीच्या मागे मातीची उघडी पट्टी दिसू लागली. शेजारची यमुताई एकदा हात थांबवून म्हणाली, "तुह्यासारखं मन मले नसतं झालं वं. एवढं दुःख पचवून वस्तीसाठी राबून राहिली."

प्रयागबाईने पुढचा खुंट खरडला. फावडं मारताना तिला समोर रुपरावची गंजी पेटलेली दिसत होती, आणि त्यामुळे तिचा हात दुखत नव्हता.

गंजी लागली. तबेल्यांच्या गाड्या यायच्या होत्या. प्रयागबाईच्या कमरेला काडेपेटी खोचलेली असायची. ती नुसती वारा पडायची वाट पाहत होती.

पण त्याआधीच एका दुपारी टेकडीवर धूर दिसला. पुन्हा कुणीतरी मोहाखाली पाला पेटवला होता. वस्ती आरडाओरड करत पट्टीवर जमा झाली. प्रयागबाईला भीती वाटली नाही, राग आला. तिचं काम दुसऱ्याच कुणाची आग करून टाकणार होती.

नानाजींनी वाऱ्याकडे पाहिलं. "अशीच आली तं ठिनग्या पट्टीवरून उडतीन. पट्टीच्या पलीकडच्या कडेले उलटी आग लावा. मधलं गवत आपनच जाळून टाकू."

तेवढ्यात रुपराव धापा टाकत आला. "थांबा नानाजी. माही गंजी मधात आहे. गंजी तं हलवू द्या."

नानाजी घुटमळले. प्रयागबाई घुटमळली नाही. तिने काडी ओढली, गवताची पेंढी पेटवली आणि ती कडेकडेने ओढत नेली. तिच्यामागे जाळाची ओळ उभी राहिली.

रुपराव ओळीच्या एका टोकाने गंजीकडे धावला. धुरात तो गेलेला फक्त तिला दिसला. पुढून टेकडीची आग येत होती, मागून तिने लावलेली. ती उभी राहिली. तिला बरं वाटलं. एवढं मिळेल असं तिने मागितलंही नव्हतं.

मग तिच्या मनात आलं, हा मेला तर लोक रडतील, आणि बिडी कायमची जागेश्वरच्या नावावर राहील.

तिने पदर तोंडाला बांधला आणि जळून काळ्या झालेल्या जमिनीवरून आत धावली. रुपराव गंजीजवळ गुडघ्यांवर बसून खोकत होता. तिने बंडी धरून त्याला ओढलं. "काळ्या जागेवर चाला. तिथं आता जळाले काही राह्यलं नाही." त्यांच्या मागे गंजी पेटली.

पट्टीवर आणून तिने त्याला सोडलं. त्याच्या भुवया जळल्या होत्या. यमुताईने लोटा पुढे केला, तो प्रयागबाईने मधल्यामधेच घेतला.

"आधी सांगा. मागच्या साली आग कोनाच्या बिडीनं लागली?"

"पानी दे."

"कोनाच्या बिडीनं?"

सगळी वस्ती भोवती उभी होती. समोर दोन्ही आगी एकमेकींना भिडून खाली बसत होत्या. रुपरावने लोट्याकडे पाहिलं.

"बिडी नव्हती," तो पुटपुटला.

"जोरानं सांगा."

"जागेश्वरनं आग नाही लावली. मी खोटं बोललो."

तिने लोटा त्याच्या हातात दिला आणि बाजूला झाली.

त्या साली वस्तीतलं एकही छप्पर जळलं नाही. यमुताई तिच्या पाया पडायला वाकली, तेव्हा प्रयागबाई मागे सरली. "पाया नको पडू. मी वस्तीसाठी नाही केलं." यमुताईला तो विनय वाटला.

रुपराव त्यानंतर वस्तीवरून जाईनासा झाला. पुढच्या माघात प्रयागबाई पुन्हा बायकांना घेऊन कुरणात उतरली. कुणाला न विचारता तिने पट्टी आणखी आत, त्याच्या उभ्या गवतात रुंद करत नेली. रुपराव दूर बांधावर येऊन उभा राहिला आणि पाहत राहिला. तो आता तरी 'जमीन माही, गवत माहं' म्हणेल आणि आपल्याला भांडता येईल, म्हणून विळा चालवता चालवता ती दिवसभर कान देऊन होती.